न टाकलेला चेंडू

आमच्या घरात कुठलेही फळ सरळ तोंडाशी जात नसे. संत्रे असो, पेरू असो, भाजीसाठी आणलेला बटाटा असो, ते आधी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, उजव्या हाताच्या बोटांतून फिरून येई. जेवायला बसले की आप्पा पाटाजवळचे लिंबू उचलत, अनामिकेच्या पेरावर टेकवत आणि मनगट वळवून हवेत सोडत. लिंबू स्वतःभोवती गरगरत वर जाई, वर पोचल्यावर क्षणभर विचारात पडल्यासारखे दिसे आणि पुन्हा त्याच तळव्यात येऊन विसावे. सुटताना बोटांचा जो बारीक आवाज होई, चुटकीपेक्षा मऊ आणि कोरड्या पानापेक्षा दाट, तो मला आठवणारा घरातला सर्वांत जुना आवाज आहे. त्याच्या मागोमाग आईचा आवाज येई, "अहो, ते लिंबू चिरायचंय. त्याला आउट करायचं नाहीये."

आमचे बिऱ्हाड उत्तरेतल्या मराठा संस्थानाच्या राजधानीत, दौलतगंज पेठेत, एका अत्तरवाल्याच्या दुकानावर होते. उन्हाळ्यात जिन्यातून खस वर चढे, थंडीत हिना. आणि आईची आमटी फोडणीला पडली की हिंग-जिऱ्याचा वास त्या सुगंधांना जिन्याच्या मधल्या पायरीवर अडवून उभा राही. कोणत्या पायरीवर कोणता वास जिंकतो, यावरून मी डोळे मिटून ऋतू आणि वेळ सांगत असे. आप्पा घरी आले की या दोहोंत तिळाच्या तेलाचा वास मिसळे. सरकारी कचेरीत दिवसभर खर्डेघाशी करून आलेला हा माणूस संध्याकाळी खिडकीशी बसून बोटांच्या सांध्यांना तेल चोळी, एकेक बोट मागे वाकवून पाही, जणू कुणाची तरी सतार जपून ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपवले होते आणि धनी परत यायचा होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आप्पा गोलंदाज होते. संस्थानी काळात क्रिकेटवर पोट भरत नसे, पण क्रिकेटसाठी माणसे पदरी ठेवली जात. एका मराठा सरदारांनी आप्पांना असे पदरी ठेवले होते. कागदावर ते बागेच्या खात्यातले कारकून. पण त्यांनी तिथे एक रोपही मोजल्याचे मला ठाऊक नाही. रोज पहाटे सरदारसाहेबांच्या बंगल्यामागच्या मैदानात काथ्याची मॅट अंथरली जाई, माळी तिच्या कडा खुंट्यांनी ताणून घेत, आणि साहेब बॅट घेऊन उभे राहिले की आप्पांचा दिवस सुरू होई. थंडीच्या मोसमात बाहेरगावचे संघ येत, आमचे संघ बाहेरगावी जात. रेल्वेच्या डब्यात मॅटची गुंडाळीही प्रवास करी. इंदूर, अजमेर, झाशी अशा गावांतल्या सामन्यांच्या आठवणी आप्पांकडे होत्या, आणि त्या सगळ्या चवीच्या असत. एका गावी दही आंबट होते म्हणून त्यांनी पाच गडी बाद केले, असे ते अगदी गंभीरपणे सांगत.

या नोकरीची एक रीत होती. ती कुणी कधी सांगितली नाही आणि कुणाला कधी विचारावी लागली नाही. साहेबांना चेंडू टाकायचा तो खेळता येईल असाच टाकायचा. मात्र तो सोपा दिसता कामा नये. उंच, गिरकी घेत, भीती दाखवत यावा आणि टप्पा पडल्यावर शहाण्या मुलासारखा बॅटच्या मध्याशी जाऊन उभा राहावा. पाहुण्यांच्या टाळ्या पडाव्यात, साहेबांनी मिशीवर हात फिरवावा, आणि गोलंदाजाने हताश होऊन मान हलवावी. "मान हलवणं सगळ्यांत अवघड," आप्पा म्हणत. "जास्त हलवली तर नाटक वाटतं." बाहेरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला ते खरी गोलंदाजी करीत आणि बाद करीत, पण पहाटेचा तो तासभर, वर्षानुवर्षे, त्यांच्या हाताने अदबच गिरवली.

आणि तरीही त्यांच्याकडे एक चेंडू होता. म्हणजे असे ते म्हणत. त्यांचा नेहमीचा चेंडू टप्पा पडल्यावर फलंदाजापासून दूर जाई. हा दुसरा चेंडू त्याच मनगटातून, त्याच बोटांवरून निघाल्यासारखा दिसे, पण मॅटला लागल्यावर उलट दिशेने, आत, फलंदाजाच्या पायांकडे वळे. घरात त्याचे नाव 'उलटा'. साहेब यायच्या आधी, धुके असताना, रिकाम्या यष्ट्यांसमोर आप्पांनी तो घडवला. साहेबांना टाकण्याचा प्रश्नच नव्हता. सामन्यांतही त्यांनी तो राखून ठेवला, कारण तो पक्का झाल्यावर मोठ्या जागी पहिल्यांदा दिसावा, ही त्यांची हौस होती.

मोठी जागा एकदाच आली. विलायतेला जाणाऱ्या संघाच्या निवडीसाठी मुंबईत सामना होता आणि आप्पांना बोलावणे आले. त्यांच्या हाती चेंडू आला तेव्हा समोर कुठल्याशा संस्थानचे राजेसाहेब फलंदाजीला उभे होते. मनात उलटा तयार होता, असे आप्पा सांगत. पण डोळ्यांनी रेशमी गळपट्टा पाहिला, आणि हाताने आपल्या मनाने ठरवून टाकले. चेंडू उंच गेला, गिरकी घेतली आणि बॅटच्या मध्याशी जाऊन अदबीने उभा राहिला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. राजेसाहेबांनी अदब मागितली नव्हती. ते खेळाडू होते, त्यांनी चेंडू सीमेपार धाडले. कप्तानाने थोड्या वेळाने चेंडू काढून घेतला. आप्पा परतीच्या गाडीत बसले, आणि त्यांची मोठी जागा मागे राहिली.

घरात ही कथा आप्पांनी सांगितलेली असल्यामुळे तिला दुसरा साक्षीदार नव्हता, आणि आमचे मामा मिश्किल होते. ते सणावारी सराफा बाजारातून तीळ-गुळाची गजक घेऊन येत, आणि जिना चढतानाच विचारत, "काय गोविंदराव, उलटा बरा आहे ना?" मग आईकडे वळून म्हणत, "ताई, तुझ्या नवऱ्याचा चेंडू म्हणजे साक्षात ब्रह्म हो! आहे म्हणतात, पण दिसलाय कुणाला?" सगळे हसत. आप्पाही हसत. आई हसत असे, पण पदर तोंडाशी नेऊन. त्या पदराआड काय चाले, ते मला कळत नसे. लग्नापासून या चेंडूची कीर्ती ऐकलेल्या माझ्या आईने आप्पांना मैदानावर एकदाही पाहिले नव्हते. बायकांनी तिथे जायचे नसे. चेंडू खरा असेल, तर तिचा नवरा मोठा खेळाडू होता आणि दैवाने, की रीतीने, त्याला लुबाडले. खोटा असेल, तर तो एक साधा माणूस होता आणि हरल्यावर त्याने स्वतःसाठी गोष्ट रचली. दोन्हींपैकी कोणत्या माणसाशी आपण संसार करतो आहोत, हे तिला ठाऊक नव्हते. संस्थान गेले, आप्पा खऱ्या कचेरीत खरे कारकून झाले, तरी ते तिला कळले नाही.

आता याच शहरातल्या हरिशंकरपुरम वसाहतीतल्या घरात माझी नात मोबाइलवर सामने पाहते. प्रत्येक चेंडू चारी बाजूंनी, संथ करून, शिवणीचा धागा मोजता येईल असा दाखवतात. तिला मी उलट्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आजी, मतलब एकही रेकॉर्ड नाही? मग तुम्ही लोक मानत कसे होता, यार?" तिला मी काय सांगणार? मानणे हे तेव्हा आमच्याकडे बघण्यापेक्षा मोठे काम होते, आणि ते घरातल्या बायकांकडे असे.

मी कॉलेजात नुकतीच गेले होते, त्या वर्षीची संक्रांत. आई सकाळपासून हलवा करीत होती; तिळावर पाकाचे थेंब सोडत, मंद शेगडीवर परातीत बोटे फिरवत. तेवढ्यात खालच्या अत्तरवाल्याची हाक आली, "पंडितजी, देखिए तो कौन आए हैं!" आणि जिन्यात काठीचा आवाज झाला. सरदारसाहेब स्वतः वर येत होते. असे कधी घडले नव्हते. आप्पा त्यांच्याकडे जात. ते आमच्याकडे येत नसत. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्या झालेले साहेब दारात थांबून श्वास गोळा करू लागले, तेव्हा आईच्या हातातला पाक परातीत एकाच जागी सांडला आणि तिथे तिळाचा खडक झाला.

"सरकार, निरोप धाडायचा होता, मी आलो असतो," आप्पा म्हणाले.

"तुम्ही आलाच असता. म्हणून तर मी आलो." साहेब खुर्चीवर बसले. आईने पुढे केलेला तिळगूळ त्यांनी तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. "वहिनी, बहुत खूब. डॉक्टरांना सांगू नका." मग आप्पांकडे वळले. "गोविंदराव, मैदान दिलं. शाळा होतेय तिथं. रविवारी शेवटचा सामना ठेवलाय, कॉलेजच्या पोरांशी. मी थोडा वेळ खेळणार, तुम्ही पोरांच्या बाजूनं टाका. आणि मला तुमचा तो उलट वळणारा चेंडू हवा."

आप्पांनी विचारले, "आपल्याला कुणी सांगितलं?"

"पहाटे मी कधीकधी लवकर उठत असे. वरच्या गच्चीतून मैदान दिसतं."

"मग... सरकार कधी बोलले नाहीत."

"काय बोलायचं होतं?" साहेबांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "तुम्ही मला काय टाकता हे काय मला कळत नव्हतं, गोविंदराव? माणूस इतका आंधळा नसतो. पण टाळ्या गोड लागत होत्या. लागतात हो." ते उठले. दारात आईला नमस्कार करून म्हणाले, "वहिनींनीही यावं. आता कसला पडदा अन् कसलं काय."

काठीचा आवाज जिना उतरून गेला आणि आईचा राग वर आला. "गच्चीतून पाहत होते! म्हणजे त्या मुंबईच्या वेळी एक शब्द सांगितला असता, की गोविंदराव, तिथं अदब नको..." परातीतला तिळाचा खडक ती सुरीने खरवडू लागली. आप्पा म्हणाले, "अगं, त्यांनी सांगितलं असतं, तरी हाताने ऐकलं असतं का?" आई म्हणाली, "मला नका विचारू. मला ना हात दिसला, ना चेंडू."

शनिवारपर्यंत आप्पा रोज पहाटे मैदानावर गेले. धुक्यात विरघळणारी त्यांची पाठ मी खिडकीतून पाहत असे. परत आले की मुकाट्याने गरम पाण्यात हात बुडवून बसत. पन्नाशी उलटली होती, बोटांचे सांधे सुजत होते. तिसऱ्या दिवशी आईने पाणी ओतता ओतता विचारले, "येतो का?" आप्पा म्हणाले, "हाताला विचारतोय." तिने पाण्यात चिमूटभर हळद टाकली. शनिवारी संध्याकाळी ट्रंकेतून हिरवी इरकली काढून तिने खिडकीशी पसरली, आणि मला म्हणाली, "उद्या लवकर आटप. आपण जायचंय." मामांना तिने मुद्दाम निरोप पाठवला.

रविवारच्या दुपारी ऊन मऊ होते. कडुनिंबाखाली सतरंजी घातलेली. आई, मी आणि मामा. मैदानाच्या मध्यभागी तपकिरी मॅट जुन्या पोथीच्या पानासारखी पडली होती. साहेब फलंदाजीला आले तेव्हा सगळे उभे राहिले. पायांना पॅड बांधलेले ते दोन काड्यांवर चालणाऱ्या बगळ्यासारखे दिसत होते. कॉलेजच्या कप्तानाने चेंडू आप्पांच्या हाती दिला. आईने माझे मनगट धरले.

शाळेत बाईंनी मला वृत्ते शिकवली होती; मात्रा मोजण्याची खोड बोटांना लागली होती. आप्पांची धाव मी पहिल्यांदाच पाहत होते आणि माझी बोटे आपोआप हलू लागली. दोन लहान पावले, एक लांब. दोन लहान, एक लांब. आणि हात सुटण्याआधी एक यती, श्वासाएवढा विसावा. हा माणूस कविता वाचत नसे, पण त्याच्या चालण्यात ओळ होती. चेंडू उंच गेला, गिरकी घेतली आणि टप्पा पडून अदबीने बॅटच्या मध्याकडे निघाला.

साहेबांनी बॅट बाजूला घेतली. चेंडू त्यांच्या शेजारून यष्टिरक्षकाकडे गेला. "गोविंदराव," ते मोठ्याने म्हणाले, "हा नको."

आप्पांनी मान खाली घातली. ते परत वळले, आले; पण या वेळी चेंडू हातातून निसटला आणि अर्ध्यातच दोन टप्पे पडून सरपटत गेला. कॉलेजची मुले हसली. कुणीतरी ओरडले, "चाचा, घर जाओ, ठंड लग जाएगी!" मामांनी खाकरून दुसरीकडे पाहिले. त्यांनी थट्टा केली नाही, हे मला थट्टेपेक्षा वाईट वाटले. आईची नखे माझ्या मनगटात रुतली होती.

तिसऱ्या वेळी आप्पा धावायच्या आधी बराच वेळ उभे राहिले. हात पँटला पुसला. दोन लहान, एक लांब. यती. चेंडू सुटला तो पहिल्यासारखाच. तशीच उंची, तीच गिरकी. साहेबांनी डावा पाय पुढे टाकला, बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी बॅट नेली. मॅटवर टप्पा पडला तेव्हा 'फट्' असा कोरडा आवाज झाला, आणि चेंडू वळला. आत. एखादी ओळ यमकाकडे जाता जाता अर्थ फिरवते तसा, हसत, निर्दयपणे, बॅट आणि पॅड यांच्या मधल्या फटीतून आत गेला आणि मधली यष्टी मागे कलली.

कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांचा त्रिफळा उडालेला त्या मैदानाने कधी पाहिलाच नव्हता. टाळी वाजवायची की माफी मागायची, हे पंचांनाही कळेना. साहेब वळून कललेल्या यष्टीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लावा पुन्हा. गोविंदराव, पुन्हा."

आप्पांनी पुन्हा टाकला. पुन्हा यष्टी गेली. पुढचा पॅडवर लागला आणि साहेब कळवळले. मुले धावली, साहेबांनी बॅटने त्यांना दूर सारले. "टाका!" पंचांनी मोजणे सोडून दिले होते. आधी हसलेली मुले आता सीमेवरून आत सरकून दाटीने उभी होती. मघाशी ओरडलेला मुलगा सगळ्यांत पुढे होता. आणि मग एका चेंडूला साहेबांनी पाय मागे घेतला, अगदी शेवटच्या क्षणी मनगट वळवले. चेंडू बॅटच्या आतल्या कडेला लागून मागे, बांधाकडे पळाला. साहेब धावले. दोन काड्यांवरचा बगळा मॅटवरून धावला, पलीकडे पोचला, आणि आप्पांच्याच खांद्याला धरून उभा राहिला. आम्हांला त्यांचा श्वास तिथवर ऐकू येत होता. "आजवरच्या सगळ्या धावा सोडा," ते म्हणाले. "ही एक धरा."

तेव्हा टाळ्या पडल्या. मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यांचे डोळे भरून आले होते. मी आईकडे पाहिले. मला वाटले होते ती हसत असेल. ती चेंडूकडे पाहत होती. कुणीतरी उचलून आणलेल्या त्या मळक्या, लाल गोळ्याकडे, जणू घरातून कधी काळी चोरीला गेलेली वस्तू तिला भर बाजारात दिसली होती.

दिवेलागणीला आम्ही घरी आलो. आईने इरकली बदलली, आमटी गरम केली, पाट मांडला. आप्पा जेवायला बसले. बोटे सुजून इतकी ताठली होती की भात कालवताना सांडत होता. मग आईने तूप वाढता वाढता, आवाज अजिबात न चढवता म्हटले, "नसता आला, तर बरं झालं असतं."

मला तिचा राग आला. आयुष्यभर जी गोष्ट तिला हवी होती, ती मिळाल्यावर हे काय बोलणे! आज तिच्या त्या वयाच्या कितीतरी पुढे आल्यावर मला ते वाक्य समजते. चेंडू नसता, तर काहीच गेले नव्हते. मुंबई, विलायत, बागेच्या खात्यातली ती सगळी वर्षे, यांत हरवण्यासारखे काही नव्हतेच. त्या दुपारी मात्र तिने डोळ्यांनी पाहिले होते, काय गेले ते.

आप्पांनी कालवणे थांबवले. "हो," ते म्हणाले. "पहिली यष्टी पडली तेव्हा मलाही तेच वाटलं."

"मग पुन्हा कशाला टाकलात?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना गोलंदाजीविषयी खरा प्रश्न विचारला होता, आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा एखाद्या तरुण मुलाचा झाला.

"अगं," ते म्हणाले, "समोरचा खेळायला उभा होता ना."